फळीवरची भाकरी

अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वालधुनी नदीच्या अलीकडे आमची चाळ होती. सात खोल्या, वर कौलं आणि समोर सगळ्यांत मिळून एक नळ. कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा झाला की सातही घरांतले स्टोव्ह एकामागून एक फुसफुसायला लागत, आणि थोड्या वेळाने परातींवर भाकऱ्या थापल्याचे आवाज सुरू होत. कोण काय थापतंय ते बाहेरून कळायचं. शेवटच्या खोलीतल्या मावशी नगरकडच्या, त्यांची ज्वारीची भाकरी धपाधप थापली जायची, कुणावर तरी राग काढल्यासारखी. आमची आई तांदळाची करायची. तिचा हात हलका, आवाज जेमतेम कानावर यायचा. तरी तो ऐकला की मला भूक लागायची, अगदी नुकतीच जेवून उठलेली असले तरी. आता मी बदलापूरला चौथ्या मजल्यावर राहते. शेजारच्या घरी काय शिजतंय ते इथे वासावरूनसुद्धा कळत नाही, कारण प्रत्येकाने चिमणी लावून घेतली आहे. मीही लावली आहे, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही.

आईची पहिली भाकरी आम्हाला कधी मिळायची नाही. सकाळ असो की संध्याकाळ, तव्यावर टम्म फुगलेली पहिली भाकरी ती अलगद उचलायची, धुतलेल्या फडक्यात गुंडाळायची आणि फळीवरच्या छोट्या दुरडीत ठेवायची. ठेवताना तिचे ओठ किंचित हलायचे. मग दुसरी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आणि तिसरी मला. थोरल्या बहिणीचं लग्न होऊन ती कल्याणला गेली होती, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. लहानपणी एकदा मी त्या दुरडीत हात घातला तेव्हा आईने हातावर उलथनं मारलं होतं आणि "ती आपली नाय," एवढंच म्हणाली होती. त्या भाकरीला बहुतेक दिवशी कुणी ना कुणी धनी मिळायचा. उल्हासनगरच्या कॅम्पातून पापड विकायला येणारी सिंधी म्हातारी, मीटर वाचायला आलेला माणूस, मंदिराची वाट विचारत चुकून आमच्या अंगणात शिरलेली बाई. आई त्यांना बसवायची, भाकरीवर वालाचं बिरडं नाहीतर सुक्या बोंबलाची चटणी घालायची आणि प्रत्येकाला एकच वाक्य म्हणायची, "घ्या. ताजी हाय, आत्ताची." कुणीच आलं नाही तर सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती स्वतः खायची. हे सगळं मी रोज पाहत होते, म्हणजे पाहत नव्हते.

दादा काडेपेटीच्या कारखान्यात होते. त्यांच्या शर्टाला काड्यांच्या गुलाचा वास यायचा. धुतला तरी जायचा नाही. कारखान्यातून आले की हातपाय धुऊन ते विहारात जात. तिथल्या समितीचे ते चिटणीस होते, आणि चिटणीस म्हणजे काय ते आमच्या चाळीतल्या पोरांनाही ठाऊक होतं. कुणाच्या दाराला लिंबू-मिरची दिसली, कुणाच्या मनगटावर गंडा दिसला, की दादा त्याच्या घरी चहाला म्हणून जायचे आणि तासभर बसायचे. लोक दोरा तोडून टाकत, कारण दादांच्या रागाची भीती नव्हती तरी त्या तासाची होती. आमच्या भिंतीवर दोन तसबिरी होत्या, त्यांच्यापुढे सकाळी अगरबत्ती आणि त्रिशरण-पंचशील. बाकी देव नाही, उपास नाही, अंगारा नाही. महाशिवरात्रीला आमच्या दारावरून अख्खं गाव मंदिराकडे लोटायचं, तेव्हा दादा मुद्दाम रस्त्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत बसायचे. जत्रेतली खाज्याची पुडी मात्र आई आणायची, आणि ती ते खायचे. खाज्याला धर्म नसतो असं त्यांचं मत होतं.

पुढे मी उल्हासनगरच्या कॉलेजात जायला लागले आणि समाजशास्त्र घेतलं. का घेतलं, तर तास दुपारचे होते आणि पुस्तकं मराठीत मिळत होती. या विषयाने पुढे माझा पगार दिला, त्याआधी माझी चांगली खोड मोडली. शिकवायला एक सर होते, चामटोलीचे, शेतकऱ्याच्या घरातले. बदलापूरपलीकडून रोज स्कूटरवर यायचे. वय चाळिशीच्या आतबाहेर, शर्ट इस्त्रीचा, चपलेला मात्र शेतातली माती. त्यांनी पहिल्याच तासाला फळ्यावर 'संस्कृती' असा शब्द लिहिला आणि म्हणाले, "याची व्याख्या सांगा." कुणी म्हणालं नृत्य-गाणं, कुणी म्हणालं संस्कार, कुणी म्हणालं आपले सण. सर म्हणाले, "तुमचं चुकत नाही. मानववंशशास्त्राच्या मोठमोठ्या पंडितांनासुद्धा हे जमलेलं नाही. दोघांनी मिळून सगळ्यांच्या व्याख्या गोळा केल्या, तर त्या दीडशेच्या वर भरल्या. आणि मग त्या दोघांनी काय केलं असेल?" "स्वतःची आणखी एक केली," सर म्हणाले आणि एकटेच हसले.

मग ते एकेक व्याख्या सांगत गेले. एका इंग्रज गृहस्थाने शंभर वर्षांपूर्वी केलेली सगळ्यात जुनी. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी, म्हणजे समाजात राहून माणूस जे जे म्हणून मिळवतो ते सगळं मिळून संस्कृती. माझ्या शेजारी लाजू बसायची, कॅम्प दोनमधली. तिच्या वडिलांचं जीन्सच्या पँटी शिवायचं वर्कशॉप होतं आणि तिचं मराठी तिथल्या कारागिरांकडून शिकलेलं. ती हात वर करून म्हणाली, "सर, मग ह्याच्यात काय नाही येत? हे तर असं झालं ना, गोडाऊनमध्ये जो माल आहे तो सगळा माल." सर म्हणाले, "बरोबर पकडलंस. म्हणूनच पुढच्यांनी गोडाऊन लावायला घेतलं." कुणी म्हणालं, माणसाच्या गरजा भागवायची ती एक यंत्रणा आहे, प्रत्येक रिवाज काही ना काही काम करतो. कुणी म्हणालं, प्रत्येक समाजाचा एक साचा असतो, एक स्वभाव. आणखी एक जण म्हणाला, माणूस स्वतःच विणलेल्या अर्थांच्या जाळ्यात अडकलेला प्राणी आहे आणि संस्कृती म्हणजे ते जाळं. मी भराभर उतरवून घेत होते. मला यातली एकच गोष्ट मनापासून आवडली, ती त्या पहिल्याच गृहस्थाची होती. तो म्हणायचा की काही रूढी मूळ अर्थ संपला तरी सवयीने चालू राहतात. सरांनी त्यांना 'अवशेष' म्हटलं. मला तो शब्द फार भारी वाटला. त्यात आपण शहाणे आणि बाकीचे झोपेत चालणारे, असं काहीतरी होतं, आणि अठराव्या वर्षी माणसाला याहून जास्त काय हवं असतं.

सर शेवटी म्हणाले, "हे जुने पंडित खुर्चीत बसून लांबच्या लोकांबद्दल लिहायचे. त्यांना आरामखुर्चीतले म्हणतात. पुढे एक जण बेटावर तंबू ठोकून राहिला, त्या लोकांची भाषा शिकला, आणि शास्त्र बदललं. तुम्हाला बेटावर जायची गरज नाही. आपापल्या घरातली एक रीत निवडा, ती कोणत्या व्याख्येत बसते ते लिहून आणा. पण आधी विचारा, मग लिहा. आरामखुर्चीत बसू नका." आमच्या घरात आरामखुर्ची नव्हती, एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यावर बसून मी तो निबंध लिहिला. खुर्ची डोक्यात असली तर खाली ट्रंक पुरते.

लाजूने तिच्या घरातली पापडाची रीत घेतली. पाहुणा कधीही येवो, त्याच्यापुढे आधी पाणी आणि भाजलेला पापड. तिने आजीला विचारलं, आणि आजीने तिला दुपारभर बसवून सिंधमधल्या घराच्या गच्चीपासून कॅम्पातल्या बराकीपर्यंत सगळं सांगितलं. लाजू म्हणाली, "यार, मी तर नुसतं पूछा, पापड का देते? दादी रोने लगी." मला ते जरा बावळटपणाचं वाटलं. मी विचारलं नाही असं नाही. एका संध्याकाळी आई तव्यापाशी असताना विचारलं होतं, "आई, ती पहिली भाकरी कशाला ठेवतेस गं?" तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "असू दे. लागतं," म्हणाली. मी ट्रंकेवर जाऊन लिहिलं, "माहितीदारास विचारले असता ती उत्तर टाळते." माहितीदार! जिने माझ्या केसांना तेल लावलं, जिने माझ्या फीसाठी चार घरची धुणी धरली, ती माझी माहितीदार. आज ते वाक्य आठवलं की मला एकटीलाच खोलीत अवघडल्यासारखं होतं.

मग मी माझं शास्त्र चालवलं. भाकरी पहिली, म्हणजे नैवेद्य. ठेवताना ओठ हलतात, म्हणजे प्रार्थना. येणाऱ्याजाणाऱ्याला देते, म्हणजे प्रसाद. आईचं माहेर चामटोलीजवळच्या वस्तीवर, आणि तिथे वेशीवर पूर्वी मरीआईचं ठाणं होतं हे मला ठाऊक होतं, म्हणजे देवीही सापडली. धर्म बदलला, वडील विहाराचे चिटणीस, तरी घरातल्या बाईच्या हातून जुन्या देवीचा नैवेद्य नकळत चालूच आहे, हा अवशेषाचा उत्तम नमुना, असं मी चार पानं भरून लिहिलं. अक्षर माझं सुरेख होतं. सरांनी खाली लाल शाईत शेरा दिला, "निरीक्षण उत्तम. वार्षिक अंकासाठी घेऊ." समासात बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, "माहितीदाराला नीट विचारले का?" ती मी वाचली आणि सोडून दिली.

वही मी मोठ्या तोऱ्यात दादांच्या हातात दिली. लेकीचं नाव छापून येणार म्हणून त्यांनी चष्मा पुसून घेतला आणि दारातल्या उजेडात उभे राहून वाचायला लागले. पहिल्या पानावर त्यांचा चेहरा फुलला होता. तिसऱ्या पानावर त्यांनी वही मिटली. "नंदाची आई," ते आत बघून म्हणाले, आवाज अजिबात चढवला नाही, "मरीआईचा निवद चाललाय आपल्या घरात? मी दुनियेचे दोरे तोडत फिरतो आणि माझ्याच फळीवर?" आईचा हात परातीत थांबला. तिने दादांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. काहीतरी तिच्या हातातून पडलं होतं आणि ते मी पाडलं होतं. "कोन म्हनतं?" तिने विचारलं. "लेकीनं लिहिलंय. छापून येनार हाय," दादा म्हणाले. आईने परातीतली भाकरी पुन्हा थापायला घेतली. मग म्हणाली, "लिहिलंय तर आसंल. शिकलेली हाय ती." आणि त्या संध्याकाळची पहिली भाकरी तिने सरळ दादांच्या ताटात वाढली.

दुसऱ्या दिवसापासून दुरडी रिकामी. दादांनी विषय संपला असं धरलं, पण घर काही धरेना. आई बोलायची ते कामापुरतं, मीठ दे, बादली भर. माझ्या केसांना तेल लावायचं तिने बंद केलं. मी म्हणाले "लावतेस ना?", तर म्हणाली, "तुझं तू लाव, मोठी झालीस." चार दिवसांनी पापडवाली म्हातारी आली. आईने तिला चहा दिला, दोन बिस्किटं दिली. म्हातारीने सवयीने फळीकडे बघितलं. "आज रोटी नहीं, बेटी?" आई म्हणाली, "संपली, अम्मा." आणि मागे वळून विनाकारण डबे लावायला लागली. तिच्या पाठीकडे बघताना मला पहिल्यांदा कळलं की मी काहीतरी चुकीचं लिहिलेलं आहे. काय चुकलं ते मात्र कळत नव्हतं. नैवेद्य बंद पडला म्हणून बाई घाबरते, देवी कोपेल म्हणते. ही घाबरली नव्हती. हिला लाज वाटत होती, पापडवालीला चहा-बिस्किटांवर परत पाठवल्याची.

मी सरांकडे गेले आणि निबंध परत मागितला. सर म्हणाले, "का गं?" मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आईने बंद का केलं?" म्हटलं, "दादा बोलले म्हणून." "आणि ठेवत का होती?" मी म्हटलं, "ते मी नीट विचारलंच नाही." सरांनी पेनाचं टोपण लावलं. "चूक माझीही आहे," ते म्हणाले. "मला तुझी भाषा आवडली, म्हणून मी शेरा दिला. रविवारी मी घरी येऊ का? तुझ्या आईला चालत असेल तर."

आईला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "येऊ दे. मास्तर हायेत." रविवारी सकाळी सर आले. दादांनी "जयभीम, या सर," म्हणून त्यांना खाटेवर बसवलं. आई चहा घेऊन आली आणि तिने आपल्या नेहमीच्या पद्धतीने विचारलं, "गाव कंचं तुमचं?" सर म्हणाले, "चामटोली." आईने लगेच विचारलं, "घर कुठशी?" "विहिरीच्या वरच्या अंगाला. दारात चिंच होती आमच्या." आईने बशी खाली ठेवली आणि ती दाराच्या चौकटीला टेकून बसली. तिथे बसायची तिची सवय नव्हती. "मी तिथल्याच वस्तीतली," ती म्हणाली. "गावातल्या सगळ्या दारांत उभी राहिलेय मी. आता कंचं कुनाचं ध्येनात नाय." तिला खरंच आठवत नव्हतं की पाहुण्याचा मान राखायला ती तसं म्हणाली, हे मी तिला पुढे कधीच विचारलं नाही. काही प्रश्न न विचारायचे असतात, हेही मी तिच्याकडूनच शिकले.

सरांनी कपात बघत विचारलं, "टोपली घेऊन?" आई म्हणाली, "हां. टोपली घेऊन." आणि मग तिने जे सांगितलं ते मी अठरा वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. ती नऊ वर्षांची होती. दिवस कलला की तिची आई, जिला ती आये म्हणायची, तिला बरोबर घेऊन गावात भाकरी मागायला जायची. गावकीची कामं करायची, त्याबदली ती भाकरी. दारात उभं राहून हाक द्यायची, मग आतली बाई यायची आणि वरून टोपलीत टाकायची, हात लागू नये म्हणून उंचावरून. भाकरी सकाळची, कधी कालची, कधी बुरा आलेली. "वरून पडायची नं, तवा टपकन आवाज यायचा. शिळी आसली की आवाज येतो. ताजी पडली आसती तर आला नसता," आई म्हणाली. "ताजी कवाच पडली नाय." उरलेले तुकडे वाळवून ठेवायचे आणि पावसाळ्यात शिजवून खायचे. दादा खाटेवर बसल्या बसल्या खाली बघत होते. दादाही मूळचे नगरकडचे, त्यांच्या गावात निराळं काही नव्हतं, पण तेही आमच्यापाशी कधी बोलले नव्हते.

"मग दीक्षेचं साल आलं," आई म्हणाली. "वस्ती बसली, ठरलं, आता कुनी भाकरी मागायला जायाचं नाय. दोन दिस घरात कायच नव्हतं. आये कुनाच्या तरी खळ्यावर कामाला गेली, मजुरीला तांदूळ आनले, जात्यावर दळले, आन् भाकरी केली. पयली भाकरी तव्यावर अशी टम्म फुगली. मी हात घातला तर आयेनं माझ्या हातावर मारलं. म्हनली, ही आपली नाय. आपन आजवर लोकांच्या दारातनं शिळी घेतली. आता आपल्या दारात कुनीबी येवो, कुठल्याबी जातीचा येवो, त्याला ताजी भेटली पायजे. रोजची पयली." आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "आये म्हातारपनी मला म्हनली, मी गेल्यावर ठेवशील ना? म्हनून ठेवताना सांगते तिला. आये, ताजी ठेवलीय. येवढंच म्हनते. देवी कुठली आन् काय."

मी रडायला लागले. कुणी मला गप्प केलं नाही, तेही बरंच झालं. सर म्हणाले, "आमच्याकडे शिळ्या भाकऱ्यांची एक टोपली निराळी असायची. चुलीमागे. मला वाटायचं, ती रीतच आहे." "रीतच व्हती," आई म्हणाली. दादा आईकडे वळले. "मला का नाही सांगितलंस?" ते म्हणाले. आईने पहिल्यांदा मान वर केली. "तुमी इचारलं? तुमी म्हनलात, निवद चाललाय का. आन् हिला सांगायचं म्हंजे टोपलीपासनं सांगावं लागलं आसतं. लेकरांना टोपली कळू नये म्हनून तर सगळं केलं." दादा उठले, फळीवरची दुरडी काढली आणि बाहेर नळावर जाऊन स्वतःच्या हाताने धुऊन आणली. चाळीतल्या बायकांनी चिटणिसांना कधी नळावर भांडं घासताना पाहिलं नव्हतं. चर्चा बरेच दिवस चालली.

जाताना सरांनी माझा निबंध बॅगेतून काढला, आपला लाल शेरा खोडला आणि वही मला परत दिली. "हे अवशेष नव्हे, नंदा," ते म्हणाले. "हे तुझ्या आजीने नवीन केलेलं आहे. एका संध्याकाळी, तव्यासमोर बसून. हे कोणत्या व्याख्येत घालायचं ते मलाही बघावं लागेल." ते गेल्यावर आईने मला बजावलं, "यातलं कायबी लिहायचं नाय. टोपली तर नायच नाय." मी हो म्हटलं. पुढे पस्तीस वर्षं मी मुलांना त्या व्याख्या शिकवल्या, त्यांत नव्या आल्या, जुन्या मोडीत निघाल्या. वर्गात अवशेष हा शब्द आला की मी तो पुस्तकात आहे तसा सांगून पुढे जात असे.

त्या भेटीनंतरच्या रविवारी मात्र सर पुन्हा आले. आधी न सांगता, आणि दारातच उभे राहिले. हातात धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "माझ्या आईला मी सगळं सांगितलं," ते म्हणाले, आणि त्यांचं कॉलेजातलं मराठी कुठल्या कुठे गेलं. "ती काय बोलली नाय. आज सकाळी उठून तिनं भाकरी केली. पयलीच हाय, तव्यावरची. म्हनली, हातात दे." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. आईने हात पुढे केला नाही. मला वाटलं, आता ही दार लावून घेणार. दादाही खाटेवरून अर्धवट उठले.

"दारात उभं ऱ्हाऊन भाकरीचं देनंघेनं माझ्याच्यानं व्हनार नाय," आई म्हणाली. "आत या."

सर चपला काढून आत आले. आईने चटई टाकली, स्टोव्हला पंप मारला, उकड मळली आणि तिच्या त्या हलक्या हाताने भाकरी थापली. ती टम्म फुगली. फळीकडे न जाता तिने ती तव्यावरून थेट सरांच्या ताटात ठेवली, वर बिरडं घातलं. "आदी आमची घ्या. ताजी हाय, आत्ताची." सरांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले. मग आई त्यांच्या समोर बसली. पाहुण्यांसमोर ती कधी जेवत नसे. तिने फडकं सोडलं, आतल्या भाकरीवर बोट टेकवलं. सर ओशाळून म्हणाले, "वाटंत गार झाली." "गार झाली म्हनून शिळी व्हत नाय," आई म्हणाली. तिने अर्धी मोडून दादांना आणि मला दिली आणि उरलेली खायला लागली. कोरडीच, काही न लावता, शेवटच्या तुकड्यापर्यंत. "तांदूळ नवा हाय, चिकट झालीय," ती म्हणाली. "सांगा तुमच्या आईला. आन् म्हनावं, पुढच्या टायमाला स्वतः या."

मी हातात तुकडा धरून तिच्याकडे बघत बसले होते. तिने पदराने हात पुसले, उठून फणी आणि तेलाची बाटली काढली आणि माझ्यामागे येऊन बसली.

"वही कुठंय तुझी?" ती माझी वेणी सोडत म्हणाली. "आन. लिहून घे."

मी ट्रंकेवरची वही घेतली, नवं पान काढलं आणि या वेळी आधी विचारलं, "कुठून लिहू, आई?"

"टोपलीपासनं लिही," ती म्हणाली.